तुपाच्या डब्यावरचा पहारा

माझी भाची मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नसे. कार्टूनची बॅटरी संपली तर घास गालात ठेवून ती दिवाळीपर्यंत बसली असती. मे महिन्यात भाऊ तिला माझ्याकडे कोथरूडला सोडून गेला, तेव्हा मी छाती ठोकून म्हणाले, "मैदान गाजवायला लावते पोरीला!" आमच्या सोसायटीत मैदान नाही, नुसतं पार्किंग आहे, हे काही बोलले नाही.

दुसऱ्याच दिवशी तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा खडूच्या वर्तुळात ठेवला, पोरं गोळा केली आणि डबा ऐसपैस शिकवलं. ज्याच्यावर राज्य, त्याने डबा राखत बाकीच्यांना शोधायचं. नजर चुकवून कुणी डबा उडवला की परत त्याच्यावरच राज्य. "आणि राज्य घेणारा काय वाट्टेल त्या थापा मारतो. 'हरलो, या बाहेर' म्हणाला तरी हलायचं नाही! मी अशी लपायचे की आईने एकदा माझं ताट शेजारी देऊन टाकलं."

भाची डोळे विस्फारून ऐकत होती.

राज्य माझ्यावर आलं. बाकीची पोरं सापडली. ही नाही. जिने पाहिले, गच्ची पाहिली, लिफ्ट वरखाली केली. अंधारायला लागलं. "हरले गं बाई, ये बाहेर!" मी ओरडले. कोण येतंय!

सेक्रेटरी काका खाली आले. "अहो ताई, पार्किंगमध्ये खेळू नये, अशी पाटी लावलीय. शोभेसाठी नाही."

तेवढ्यात खराडीच्या ऑफिसातून भाऊ थेट पोरीला भेटायला आला. गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. "ताई, पोरगी कुठंय?"

"लपलीय. सापडत नाहीये," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं थोडक्यात.

वॉचमन जमिनीतल्या पाण्याच्या टाकीकडे गेला. झाकण उचलल्याचा आवाज आला. टॉर्चचा उजेड आत हलत राहिला. "नाही हो, इथं काही नाही," तो म्हणाला, तेव्हा कुठे मी श्वास घेतला. गेटवर वॉचमनचं लक्ष होतं, बाहेर कुणी गेलं नव्हतं. मग गेली कुठे? भाऊ एकेका गाडीखाली वाकून हाका मारत होता. त्याचा आवाज फाटला होता.

सगळे परत येऊन डब्याभोवती उभे राहिले. सेक्रेटरी, वॉचमन, शेजारपाजारचे, अख्खी सभाच. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"व्हा बाजूला! सगळे जिन्यात चला!"

"आता सभा जिन्यात घ्यायची का?" सेक्रेटरी काका पुटपुटले, पण हलले.

जिन्याच्या अंधारात आम्ही दम धरून उभे. भावाने माझा दंड इतका आवळला की हाड मोडलंच, असं मला वाटलं. काहीच हलत नव्हतं. मग शेजारच्यांच्या अमेरिकेतल्या मुलाची वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली गाडी आहे ना, तिचं कव्हर फुगलं. अनवाणी पावलं धावली.

खण्ण!

डबा गेटपर्यंत गडगडत गेला. "आत्यावर परत राज्य!"

भावाने तिला उचललं, घट्ट धरलं. ती धुळीने माखलेली, घामेजलेली. त्याच्या खांद्यावरून म्हणाली, "बाबा, तुम्ही पण लपा. आत्याला काही दिसत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आता बोलणी बसणार, अशी मी तयारी केली. त्याने गळ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं आणि तिच्या कानात विचारलं, "त्या कव्हराखाली दोघं मावतील का गं?"

मी भिंतीकडे तोंड करून आकडे मोजू लागले. आवाज कापत होता, म्हणून जरा जास्तच मोठ्याने.