सिस्टरबाईंची बेंडकी

सिस्टरबाईंना कशाचीच घाण वाटायची नाही. गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. सडलेल्या जखमा, पू, ओकाऱ्या, अस्वलानं फाडलेली माणसं हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी निस्तरलं होतं, आणि त्यातल्या निवडक गोष्टी त्या जेवताना सांगायच्या. माझा घास हातातच राहायचा, त्यांचा वरणभात चालू. पण एखाद्या जुन्या गाडीला कुणी रंगीत दिवे, पट्ट्या नाहीतर मोठा भोंगा लावलेला दिसला, की याच बाई पदर नाकाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, "शी!" इतक्या मनापासून, की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही काहीतरी कुजल्याचा वास यावा.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे दोन दारांची, दोनच सीटची, जमिनीला जवळजवळ टेकलेली विलायती स्पोर्ट्स कार. बाटलीसारखा हिरवा रंग, लांब नाक, तारांची चाकं आणि वर कापडी टप. त्यांचे यजमान बल्लारपूरकडे एका साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब हिंदुस्थान सोडून जाताना गाडी ड्रायव्हरला देऊन गेला. यजमानांनी बायकोला ती चालवायला शिकवली आणि काही वर्षांतच ते वारले. निवृत्त झाल्यावर बाई गाडीसकट आमच्या मूल गावी आल्या. बाजाराच्या दिवशी हिरवी, बसकी गाडी गचके खात चौकात आली की लोक ओरडायचे, "बेंडकी आली, बेंडकी आली!" बाईंना ते आवडायचं. बेडकीला बेडकी म्हटल्याचा राग कसला, असं त्यांचं म्हणणं.

माझं गॅरेज राईस मिलच्या भिंतीला लागून. मिलचा कोंडा दिवसभर उडून माझ्या ग्रीसवर बसतो. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तसेच काळे हात घेऊन बॉनेट उघडायला पुढे झालो. त्यांनी मला थांबवलं.

"हात धू पयले."

मी म्हटलं, "बाई, गाडीचं काम आहे. हात परत काळेच होणार."

"पेशंटले हात लावाच्या आधी डॉक्टर धुते का नाई? मंग तू काऊन नाई?"

हात धुण्याचे त्यांचे दोन प्रकार होते. चांगल्या गाडीला हात लावण्याआधी धुवायचे, आणि बिघडवलेल्या गाडीला हात लागला तर नंतर धुवायचे. दुसरा प्रकार त्या गाडीच्या मालकाच्या समोर, माझ्याच नळावर, भरपूर साबण लावून चालायचा. त्यामुळे माझी तीन-चार गिऱ्हाइकं कायमची तुटली.

त्यातला एक ताडोब्याकडे पर्यटक नेणारा जीपवाला होता. त्यानं आजोबांच्या वेळची जीप आणली होती आणि तिच्या अंगभर वाघाचे पट्टे रंगवले होते. पुढे लोखंडी पाइपांचा पिंजरा, वर दिव्यांची रांग, आत निळा उजेड. बाईंनी एक फेरी मारली, पदर नाकाशी नेला आणि विचारलं, "वाघाले पट्टे देवानं देल्ले. जीपले कोनं देल्ले रे?" तो बिचारा हसला. मग बाई नळाकडे गेल्या आणि त्याचं हसू गेलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. ती जीप खरोखरच पाहवत नव्हती. अंगभर गळवं आलेल्या माणसाला कुणी हळदीला बसवावं तशी ती दिसत होती.

एकदा बेंडकीचा कार्ब्युरेटर गेला. असला भाग आता कुठून मिळणार? मी दुसऱ्या एका गाडीचा कार्ब्युरेटर घासूनपुसून बसवला, आवाज लावून घेतला आणि बाईंना काही न बोलता चावी दिली. पहिल्या हाकेला गाडी सुरू झाली. बाई चामोर्शी रोडनं जेमतेम पाण्याच्या टाकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. उतरल्या नाहीत. खिडकीतून म्हणाल्या, "हिच्यात दुसऱ्या कोनाचं काळीज बसवलं का तू?"

"बाई, चालते ना?"

"चालून राह्यली. पन आवाज तिचा नाई. काढ ते."

मी काढलं. नागपूरच्या भंगारबाजारात तसाच तुकडा सापडेपर्यंत चार महिने बाई एसटीनं हिंडल्या, आणि दर आठवड्याला येऊन झाकलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून जायच्या. मी चिडायचो. मनात मात्र मला या बाईचा अभिमान वाटायला लागला होता. खरं सांगायचं तर त्यांच्या त्या "शी!"ची मला लागण झाली होती. कॉलेजच्या पोरांच्या मोटरसायकलींचे सायलेन्सर कापून द्यायचं काम मी तोवर बिनदिक्कत करत होतो. एक दिवस बाईंनी ते पाहिलं आणि महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी ते काम बंद केलं. आता फटफट आवाज करत कुणी दारात आला की माझंच तोंड वाकडं व्हायचं.

आणि तरी बेंडकीत एक गोष्ट मूळची नव्हती. क्लचच्या पेडलवर सागवानाचा एक ठोकळा स्क्रूनं बसवलेला होता. बाई ठेंगण्या होत्या. सीट पुढे ओढून बाकीच्या पेडलपर्यंत पाय कसाबसा पोचायचा, पण क्लच तळापर्यंत दाबला जायचा नाही. म्हणून यजमानांनी तो ठोकळा घडवला होता. वापरून वापरून त्याला बाईंच्या चवड्याचा खळगा पडला होता. कार्ब्युरेटरचा राग डोक्यात होता, म्हणून मी एकदा मुद्दाम डिवचलं.

"आणि हे हो बाई? हे काय साहेबानं दिलं होतं?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अगदीच मठ्ठ आहे. "ते गाडीले नाई लावलं, लेका. माह्या पायाले लावलं. चप्पल हाय ती माही, पेडलवर ठेवली येवढंच."

त्यांचा भाचा पंकज लहानपणी त्यांच्याच घरात वाढलेला, आता चंद्रपूरला मंडप आणि लग्नाच्या सजावटीचं काम करायचा. आत्यासारखाच ठेंगणा, आत्यासारखाच बोलका. आला की बेंडकीत बसायचा आणि म्हणायचा, "आत्या, हिले जांभळी करू. मांगं साउंड टाकू. नवरदेव बसला तं अख्खी वरात हिच्याचकडं पाहीन." बाई पदर नाकाशी न्यायच्या. मी पान्याशी खेळत म्हणायचो, "पंकज, चहा घे आणि गप बस." मला तो पोरगा आवडायचा नाही. जिथे तिथे झगमग चिकटवायची त्याला सवय होती. त्याच्या मोबाइलच्या कव्हरवरसुद्धा खडे होते.

मग बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी चालवणं बंद. बाई स्वतःच्या दुखण्याबद्दल काही बोलल्या नाहीत. फक्त मला बोलावून विचारलं, "हिचं काय कराचं? जशी हाय तशी कोन ठेवन?" डोळ्यांत पाणी नव्हतं, पण हात चादरीच्या काठाशी चाळा करत होते. त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. मी छाती ठोकून म्हणालो, "मी माणूस आणतो. एक खिळाही बदलणार नाही असा."

नागपूरचे एक साहेब जुन्या गाड्या जमवत होते. जे जसं कारखान्यातून निघालं तसंच असलं पाहिजे, या बाबतीत ते बाईंच्याही वरचढ. मी फोन केला, ते आले. पांढरे हातमोजे घालून आले! मला काय वाटलं सांगू, देवच भेटला. त्यांनी भिंगातून इंजिनावरचे आकडे वाचले, तारांच्या चाकांवरून बोट फिरवलं, कार्ब्युरेटर पाहून माझी पाठ थोपटली. बाई ओट्यावर खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "न्या साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं हिची काळजी नाई."

साहेबांनी दार उघडून आत वाकून पाहिलं आणि एकदम मागे सरकले.

"शी! हे काय चिकटवलंय? कुणी केला हा गावठीपणा?" खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून ते तिथेच बसले. "ही घाण आधी काढू द्या." दोन मिनिटांत सागवानाचा ठोकळा अंगणात पडला. साहेबांनी हातमोजे काढले आणि विचारलं, "हात कुठे धुऊ?"

मी खाली बघत राहिलो. असा माणूस मी, मीच, बाईंच्या दारात आणला होता. त्या गोऱ्या, स्वच्छ बोटांची मला त्या क्षणी जी किळस आली, ती त्या पट्टेरी जीपचीही आली नव्हती. आणि त्याहून जास्त स्वतःची आली, कारण दहा मिनिटांपूर्वी तो माणूस मला देव वाटला होता.

बाईंनी नळ दाखवला. साहेबांचे हात धुऊन झाल्यावर म्हणाल्या, "चहा घेऊन जा साहेब. गाडी नाई भेटत." साहेबांनी समजावून पाहिलं. त्यांची मोटार वळणापलीकडे गेल्यावर बाईंनी मला ठोकळा उचलून आणायला लावला. मांडीवर घेऊन बराच वेळ पुसत बसल्या.

"मी बी असंच म्हनत होती का रे?"

मी खोटं बोलायला हवं होतं. बोललो नाही. "हो बाई. अगदी असंच."

त्यानंतर बाई बदलल्या. रस्त्यानं काहीबाही लावलेली गाडी गेली की पदर नाकापर्यंत जायचा, मधेच थांबायचा. "घान तं हायच," त्या हळूच म्हणायच्या, "पन त्याची हाय." मला हे मुळीच पटत नव्हतं. एका हातमोजेवाल्यामुळे घाण चांगली कशी होते? आणि मग एक दिवस त्यांनी सांगितलं की गाडी पंकजला द्यायची.

"बाई, तो तिची वाट लावेल."

"लावन."

"जांभळी करेल!"

"करन. पन चालवन. त्या साहेबानं तं काचंत मांडून ठेवली असती. तू ठोकळा लावून दे."

मी ठोकळा परत पेडलवर बसवला, स्क्रू आवळले आणि घरी निघून आलो. रागात होतो. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं ती गाडी आहे तशी ठेवण्यात गेली होती, आणि बाई ती एका झगमगवाल्या पोराच्या हातात देऊन मोकळ्या झाल्या होत्या. सायलेन्सर कापले तेव्हा त्या महिनाभर बोलल्या नव्हत्या. आता मीही महिनाभर तिकडे फिरकायचं नाही असं ठरवलं. दोनदा निरोप आला, तरी गेलो नाही. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बाई वारल्या. घाटावर गेलो तेव्हा महिना पुरा व्हायला चार दिवस बाकी होते. त्या मोजणीची मला अजून लाज वाटते.

पंकजनं त्या हिवाळ्यातच सगळं केलं. कुणी सांगायला लागलं की मी बॉनेटखाली डोकं घालायचो. मग एकदा चंद्रपूरला वरातीत ती दिसली. जांभळी. तारांची चाकं जाऊन चकचकीत नवी आली होती, टप काढून तिथे फुलांची कमान, मागे स्पीकर, चाकांखालून गुलाबी उजेड, लांब नाकावर सोनेरी पंखांचं स्टिकर. नवरदेव आत उभा राहून नाचत होता. मी नाकावर रुमाल धरला आणि गल्लीत शिरलो.

गेल्या लग्नसराईत पंकज ती गाडी टोचण लावून, दुसऱ्या गाडीमागे ओढत माझ्या दारात घेऊन आला. क्लच घसरत होता आणि चंद्रपुरात कुणाला जमेना.

"भाऊ, तुमच्याशिवाय कोनाले समजत नाई हिचं."

"मी हात लावणार नाही," मी म्हणालो. "रंग बघ तिचा. शी!"

त्यानं मान खाली घातली. मग दार उघडून म्हणाला, "एकडाव पाहून तं घ्या." मी नाक मुरडत वाकलो. सीटला बिबट्याच्या कातड्याचं खोटं कव्हर, गिअरच्या दांड्यावर काचेची कवटी, आणि खाली क्लचवर तोच सागवानी ठोकळा. त्या सगळ्या लखलखाटात त्याला ना रंग, ना पॉलिश. फक्त एक स्क्रू नवा होता.

"हा काऊन ठेवला तू?" माझ्या तोंडून बाईंचीच भाषा निघाली.

पंकज ओशाळून हसला. त्यानं आपला पाय वर उचलून दाखवला, आखूड, चपलेतला. "काढला तं क्लच दाबल्या जात नाई ना भाऊ. आत्याचेच पाय आले माह्या वाट्याले."

ठोकळ्यातला खळगा आता थोडा रुंद झाला होता. मी बोट फिरवून पाहिलं.

गाडी किळसवाणीच होती. आजही आहे, आणि हे मी पंकजला तोंडावर सांगतो. तो मात्र तेव्हा माझ्या नळाकडे बघत उभा होता. मी हात आधी धुतो की नंतर, ते त्याला बघायचं होतं. आत्याच्या घरात वाढलेला, त्याला दोन्ही प्रकार माहीत होते.

मी नळावर गेलो, साबण लावला, कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि मग बॉनेट उघडलं.