तिसऱ्या मजल्यावरचा सांजदिवा

पॉरिक ओलाचिंब होऊन चहाच्या खोलीत आला, तेव्हा उल्काला वाटलं गाडी बंद पडली असेल. फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे साडेचार. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोघांचीही पाळी संध्याकाळची.

"गाडी बहिणीला देऊन टाकली," कोट खुर्चीवर टाकत तो म्हणाला. "किल्लीसकट."

"का हो? काय झालं?"

त्याने आधी दाराकडे पाहिलं. "कुणाला बोलू नकोस. माझं डोकं जायला लागलंय. आईचं गेलं होतं तसंच."

पॉरिक एकसष्ट वर्षांचा. बावीस वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या शांत विभागात होता. त्याने चष्म्यावरून नुसतं पाहिलं, तरी पोरं तोंडातलं बिस्किट न चावता गिळायची. बारा वर्षं घर सांभाळून ऑक्टोबरमध्ये उल्का पहिल्यांदा नोकरीला लागली, तेव्हा पुस्तकांची ढकलगाडी आवाज न करता कशी न्यायची हे त्यानेच शिकवलं होतं.

"पाच वाजता खिडकीकडच्या टोकाचे दिवे मी बंद करतो," तो सांगू लागला. "ह्याच हाताने. कागदावर सही करतो. सहाला परत फेरी मारतो, तर शेवटच्या टेबलावरचा दिवा चालू. तीन आठवडे झाले, रोज तेच. आधी वाटलं पोरांचा उद्योग असेल, पण त्या गारठ्यात तिथे कोणी बसत नाही. आज दिवा विसरलो, उद्या ब्रेक विसरीन. शुक्रवारी डॉक्टरकडे जायचंय."

उल्काने कप खाली ठेवला. तो दिवा ती लावत होती.

जानेवारीच्या शेवटी नवा नियम आला होता. पाच ते सात ह्या वेळात घरोघरी विजेच्या शेगड्या आणि किटल्या चालू, देशभर विजेवर ताण, म्हणून त्या दोन तासांत ग्रंथालयातले नको ते दिवे बंद ठेवायचे. ह्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. उल्काचं मात्र बिघडलं. तिन्हीसांजेला घरात दिवा लागला नाही असं तिच्या संसारात कधी झालं नव्हतं. नोकरी लागल्यावर तिने मनाची समजूत घातली होती, की ग्रंथालयात इतके दिवे असतात, त्यातल्याच एकाकडे बघून हात जोडू. आणि आता नेमका त्याच वेळी खिडकीकडचा तिचा कोपरा काळोखा. पहिल्याच दिवशी तिला राहवलं नाही. तिने टेबलावरच्या दिव्याचं बटण दाबलं, डोळे मिटले, देवाला नमस्कार केला. आपण लावलेला सांजदिवा आपल्याच हाताने कसा मालवायचा, म्हणून तो तसाच ठेवून ती खाली गेली. मग रोजच जाऊ लागली. कोण मालवतं, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही.

"देवाला एलईडी चालतो का गं?" गुरुनाथने, तिच्या नवऱ्याने, एकदा विचारलं होतं.

"तुला चालतो ना? मग त्यालाही चालतो."

एवढ्यावर तो विषय संपला होता.

"पॉरिक," ती म्हणाली. "तो दिवा मी लावते."

तो हसला. तिच्या हातावर थोपटून म्हणाला, "भली बाई आहेस. पण माझ्यासाठी खोटं नको बोलूस."

"खोटं नाही हो. सूर्य मावळला की आमच्यात दिवा लावतात. देवासाठी."

"टेबलावरचा दिवा? देवासाठी?" त्याने मान हलवली. "बरं. ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, ठीक आहे.

जितकं खरं सांगावं तितकं ते रचल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात तिला लिफ्टजवळचा फलक आठवला. त्यांच्या वरिष्ठ बाईंनी, अ‍ॅशलिंगने, तिसऱ्या मजल्याची वीज पाचनंतर कधी वाढते त्याच्या वेळा तिथे लावल्या होत्या आणि कुणीतरी शेजारी एक छोटं भूत काढलं होतं. दिवा लावल्याची वेळ ती रोज एका वहीत टिपायची. उल्काने पिशवीतून ती वही काढली, पॉरिकला जवळजवळ ओढतच तिथे नेलं.

"तुम्ही फलकावरचा हा कागद वाचा. मी माझी वही वाचते."

"कशाला पण?"

"वाचा तर. सत्तावीस जानेवारी, सोमवार. दिवा लावला, पाच वाजून चार."

पॉरिकने कागदावर बोट ठेवलं. "पाच चार."

"अठ्ठावीस. पाच सहा."

"पाच सहा." आता तो वाकून बघू लागला. "चार फेब्रुवारी?"

"पाच एकोणीस. रोज दोन-दोन मिनिटं पुढे जातं ते. दिवस मोठा होतोय ना."

"सहा तारीख सांग."

उल्काने पान उलटलं. "त्या दिवशी मी घरी होते. मुलीला ताप होता."

कागदावर सहा तारखेपुढे काहीच नव्हतं. पॉरिकचं बोट तिथेच थांबलं.

"त्या दिवशी सहाला गेलो, तर अंधार होता," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, आज डोकं जागेवर आहे. आनंदाने बहिणीला फोन केला. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा चालू. तेव्हाच गाडी द्यायचं ठरवलं मी."

आपण डोळे मिटून हात जोडत होतो आणि थोड्याच वेळाने हा माणूस त्याच दिव्यासमोर उभा राहून स्वतःला वेडा ठरवत होता. कितीदा? चौदा-पंधरा संध्याकाळी तर वहीतच होत्या.

"माझं चुकलं. मी अ‍ॅशलिंगला सगळं सांगते."

"मला सांगायला हवं होतंस, बाई," तो म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण तो नुसता थकलेला दिसत होता.

त्या दिवशी पाचची फेरी अर्धा तास उशिरा निघाली. उल्का त्याच्या मागोमाग गेली. पॉरिकने खिडकीकडची एकेक रांग मालवली. शेवटच्या टेबलापाशी थांबून तो त्या बंद दिव्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला.

"नोरा, माझी किल्ली घेऊन ये," तो म्हणाला. "उद्या नाही, आत्ता. अगं नाही, बरा आहे मी. बरा आहे म्हणतोय ना."

त्याचा आवाज चढत गेला. जिथे त्याने बावीस वर्षं कुणाला कुजबुजू दिलं नव्हतं, तिथे पोरांनी वह्यांतून माना वर केल्या. एकीने कानातले इअरफोन काढले. एवढ्या जणांसमोर पॉरिक हुंदके देत होता आणि मध्येमध्ये बहिणीला सांगत होता, की नाही गं, रडत नाहीये.

त्याला गप्प करणं खरं तर उल्काचं काम होतं. ती ढकलगाडी धरून उभी राहिली. खिडकीबाहेर पावसात सूर्य कधी मावळला, तिला कळलं नाही. वहीत त्या तारखेपुढे वेळ लिहिलेली नाही.