चौथा डबा

आमच्या खालच्या मजल्यावरचे चाचा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळीच्या कोल्ड स्टोरेजचं स्टोअर सांभाळतात. त्याआधी बरीच वर्षं ते परदेशात होते, दुसऱ्याच कुणाच्या तरी युद्धात, फौजेच्या छावणीला रसद पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे. रोज सकाळी जेवणाऱ्यांचा आकडा यायचा आणि तेवढं धान्य ते कोठारातून काढून द्यायचे.

माणूस कायम दमलेला. जिना चढताना मधल्या पायरीवर टेकतात. वाण्याकडे गेले तरी बिस्किटांचे जुने पुडे पुढे आणि नवे मागे सरकवत बसतात, वाणी वैतागतो. युद्धाचं मी त्यांना एकदाच विचारलं. "मी काय बघितलं गो? तांदूळ नि डाळ," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

बाबा गेले त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. दुपारी चाचा पिठलं-भात घेऊन वर आले. माणशी एक, असे चार डबे. आई नि बहीण आत पडून होत्या. मीच म्हटलं, "चाचा, आता आम्ही तिघीच."

"ठाऊक आहे," ते दारातच थांबून म्हणाले. "तिकडे पण सकाळी आकडा कमी होऊन यायचा. त्या दिवशी मी धान्य कमी नाही केलं कधी. बोलणी खाल्ली, पण नाही केलं."

चौथा डबा आम्ही तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा दम खात वर आले. हातात तीन डबे होते.