काकीच्या खळ्यातली वाट

आमच्या वाडीत रस्ता झाला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या काकीला झाला होता. रस्त्यासाठी कुंपणाकडेची पट्टी तिने हसत हसत सोडली. त्याआधी बसथांब्याकडे आणि किनाऱ्याकडे जायची पायवाट थेट तिच्या खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातूनच जायची. मासळीवाल्या, शाळेची पोरे, भजनाहून परतणारे, सगळे तिच्या ओट्याला लागून जायचे, आणि जाताना "काकी, जेवलंस काय गो?" हे ठरलेलेच. सारवलेल्या खळ्यावर चिखलाची पावले उमटली की काकीच्या तोंडाचा पट्टा सुरू. "माझा खळा म्हणजे एसटी स्टँड काय रे?"

नवा रस्ता कुंपणाबाहेरून गेला. गुळगुळीत, सिमेंटचा. तोंडवलीच्या किनाऱ्याकडे जाणारे पर्यटकही तोच धरू लागले. घरोघरी दुचाक्या आल्या, मीही स्कूटर घेतली आणि मालवणच्या बँकेत नोकरीला जाणे एकदम सोपे झाले. खळ्यातल्या वाटेवर गवत माजले. काका गेलेले, मुलगा मुंबईला. काकी एकटीच आपल्या स्वच्छ खळ्यात बसायची. आम्ही सगळे खूश होतो, खोटे कशाला सांगू?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी चहा झाल्यावर ती खळ्यात पडलेली माडाची झावळी उचलायला गेली आणि शेवाळावरून पाय सरकला. खुब्याचे हाड मोडले. मोबाइल आत चार्जिंगला. दुपार टळेपर्यंत ती तशीच पडून होती. कुंपणाच्या पलीकडून तेवढ्या वेळात अख्खी वाडी गेली. मीही गेले, उशीर झाला म्हणून हेल्मेटमध्ये स्वतःशीच चरफडत.

ती सापडली पुण्याच्या एका जोडप्याला. बिचारे किनारा शोधत होते. गाडी बाहेर लावून, फोनमधला नकाशा बघत, गवत तुडवत ते थेट काकीच्या खळ्यात आले, कारण त्या नकाशात अजून जुनीच वाट होती! हे त्या बाईनेच मला सांगितले. ज्या वाटेने मी लहानपणापासून चालले, तिच्यावर पाय ठेवून मला किती महिने झाले होते, आठवेना. नकाशा कोणी वेळेवर सुधारला असता तर काकी संध्याकाळपर्यंत तिथेच संपली असती. आमच्यापैकी कोणाला पत्ता लागला नसता. आणि आम्ही स्वतःला शेजारी म्हणवतो.

इस्पितळात तिच्या खाटेभोवती निम्मी वाडी जमली. कोणी केळी आणली, कोणी पेज. सगळे एकदम बोलत होते: खळ्यात कॅमेरा बसवा, मोबाइल गळ्यात बांधा, मुंबईला पाठवा. मुंबईचे नाव काढताच काकीने डोळे मिटून घेतले. त्या घरात ती परत एकटी राहू शकेल की नाही, एवढेच आता ठरायचे होते आणि ते ठरवत होतो आम्ही, तिला न विचारता. मला माझाच राग आला होता, पण काढला तिच्यावर.

"अगो, रस्तो हातभर लांब. हाक मारूक काय झाला होता तुका?"

काकीने आधी पाणी मागितले. दोन घोट घेतले. मग एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुमच्या सगळ्यांच्यो गाड्यो आयकत होतंय मी. तुझीव ओळाखलंय."



"आता कोणतरी खळ्यात येतला, आता येतला, म्हणान गप पडान रवलंय," ती म्हणाली. "हाक मारूचा माका सुचलाच नाय गो. अख्ख्या जल्मात त्या खळ्यात माका कोणाक हाक मारूची येळ इली नाय."