शुक्रवारचा उपास

मस्कतमधल्या मराठी बायकांचा मला मनापासून वीट आला होता, आणि त्यातल्याच पाच जणींना मी चार वर्षं दर शुक्रवारी स्वयंपाक शिकवला. नवरा बांधकाम कंपनीत नकाशे काढायचा, मी दिवसभर फ्लॅटच्या भिंती बघत बसायची. तेवढाच विरंगुळा. इंजिनिअरच्या, डॉक्टरच्या, बँकेतल्या साहेबांच्या बायका या. एकीलाही धड भाकरी थापता येत नव्हती, पण तोरा काय विचारता!

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नाशिकच्या म्हणजे पंचवटीच्या का हो?" आडनाव माझं कुठल्याही जातीत खपेल असं. मी म्हटलं, "आई रोज पंचवटीत जाते." खोटं नव्हतं. आई तिथल्या बाजारात भाजी विकायची. यांना वाटलं, देवदर्शनाला जाते. मी वाटू दिलं. आम्ही बौद्ध आहोत हे सांगायला तोंड उघडलं नाही, आणि बुद्धाची तसबीर बेडरूमच्या कपाटात गेली ती तिथंच राहिली.

मग काय, काळ्या मसाल्याची आमटी, शेवभाजी, शेंगदाण्याचा झिरका, सगळं वह्यांमध्ये उतरवून घेतलं बायांनी. वर्ग संपला की ताटं भरून हादडायचं, वर नवऱ्यांसाठी डबे न्यायचे. "तुमच्या हाताला वेगळीच चव आहे बाई!" हे दर शुक्रवारी.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात आई दोन महिन्यांसाठी आली. पहिल्यांदाच विमानात बसली होती. उतरल्या उतरल्या म्हणाली, "माझी पोर मोठ्या घरच्या बायांना शिकविती, ते मला डोळ्यांनी बघायचंय. आख्ख्या बाजारात सांगून आले मी." शुक्रवार उजाडला तशी मी म्हटलं, "आई, तुझे गुडघे दुखतात. तू आत पडून राहा, आराम कर." ती तीन शुक्रवार आत बसली.

चौथ्या शुक्रवारी वर्ग ऐन रंगात आला असताना दार उघडून बाहेर आली, हात जोडले आणि हसून म्हणाली, "जयभीम, बायांनो."

पाचही पेनं थांबली. मग सगळ्याजणी एकदम वहीत काहीतरी लिहू लागल्या. ताटं मांडली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अय्या, आज माझा संतोषीमातेचा शुक्रवार." दुसरीची एकादशी निघाली. तिसरीचा नवस. उरलेल्या दोघींना काही सुचेना, तर त्या म्हणाल्या, "आमचंही तसंच." पुढच्या शुक्रवारीही तेच. आखातात एकादशी दर आठवड्याला येते, हे मला तेव्हा कळलं! कृती मात्र शेवटच्या चिमूटभर मिठापर्यंत लिहून घ्यायच्या. हावरट मेल्या. शिकायला आमचं चालत होतं, गिळायला चालत नव्हतं.

उपासाच्या तिसऱ्या शुक्रवारी त्या यायच्या आधीच आईने पातेलंभर साबुदाण्याची खिचडी केली. आमच्या घरात उपासतापास केव्हाच बंद झालेले, पण तिच्या गिऱ्हाइकांनी तिला सगळं शिकवलं होतं. बायका बसल्या तशी तिने प्रत्येकीपुढे बशी ठेवली. "उपास हाय ना तुमचा? खा पोटभर."

कोणी हात लावेना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, आमच्यात उपासाला जिरं चालत नाही."

"घातलंच नाय बाई. पंचवटीत तीस वर्षं रताळी विकली मी. कुणाला काय चालतं, मला ठाऊक हाय."

तरी बशा तशाच. एकीने तर पदर सावरून बशी बोटभर मागे सरकवली. ते बघून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "चार वर्षं या घरात चापून खाल्लंत, ते काही आता बाहेर काढता येत नाही. पण वह्या काढता येतात. ठेवा इथं, आणि चालू लागा."

"अहो, असं काय करता..." डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. मी हात पुढे केला तो केलाच. पाचही वह्या टेबलावर आल्या. जाताना एकीने आईकडे वळूनही पाहिलं नाही.

दार लावलं. मला भलताच जोर चढला होता. कपाटातली तसबीर काढून बैठकीच्या भिंतीवर लावली आणि आईपुढे येऊन उभी राहिले. वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. ती खाली बसून बशांमधली खिचडी परत पातेल्यात ओतत होती.

"बघितलंस ना," मी म्हटलं, "काय एकेक सोंगं! म्हणे उपास!"

आईने वर पाहिलं. "त्यांनी उपास पुढं केला," ती म्हणाली. "तू माझे गुडघे पुढं केलेस. कधी दुखले गं माझे गुडघे?"