सगुणाकाकूंचं सुतक

आमच्या सगुणाकाकू हयात असतानाच एकदा वारल्या, आणि त्यांना मारलं मी.

तेव्हा मी परतूरला नवी सून होते. निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस. बाहेर रोज नवी आवई, आणि मला काळजी कादंबरीतल्या लोकांची! विटेएवढी जाड कादंबरी. तिच्यात गावंच्या गावं पळापळीत, आणि मधे सगुणा नावाची एक साधी बाई दळण दळत, पोरं सांभाळत जगणारी. चार महिने मी तिला चोरून वाचत होते. (पुस्तक वाचणाऱ्या सुनेची भाकर करपते, असं सासूबाईंचं म्हणणं. करपायचीच.)

त्या दिवशी नणंदेचा, वत्सलाचा साखरपुडा होता. तिचं लग्न आधी एकदा जमून मोडलेलं, म्हणून घर जीव मुठीत धरून होतं. बदनापूरची मंडळी दुपारच्या गाडीनं येणार. मी पाट्यावर पुरण वाटत होते, पुस्तक पाट्याआड. पान संपता संपता सगुणा धाडकन कोसळली. मी हंबरडाच फोडला, "सगुणा गेली वोऽ!"

सासूबाई धावत आल्या. "कोन? आपली सगुणा?"

चार महिन्यांचा सहवास! मी मान हलवली. आपलीच की!

"अगं बाई! चुलतसासूचं नाव घेऊन रडू राह्यली, म्हंजे खरंच गेल्या जाऊबाई!"

मी तोंड उघडेपर्यंत डोक्यावर गार पाण्याची घागर. सुतकाची आंघोळ! चूल विझली, पुरण शेजारी गेलं, आणि सासरे पाहुण्यांना परत लावायला स्टेशनाकडे निघाले. वत्सला ओल्या लुगड्यात ऊर बडवत होती, ते कशासाठी हे मला बराबर कळत होतं. पुस्तकाचं नाव काढायची मात्र छाती होईना.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. कुंभार पिंपळगावहून सगुणाकाकू उतरल्या, हातात साखरपुड्याचं लुगडं! ओली माणसं पाहून त्यांनी तिथंच बसकण मारली आणि आमच्या वरचा सूर लावला. दमल्यावर विचारलं, "पन गेलं कोन वो?"

"तुमीच की, जाऊबाई!" सासूबाई किंचाळल्या.

मग मला सगळं कबूल करावं लागलं. ऐकताच वत्सला तशीच निथळत स्टेशनाकडे पळाली. "आबा, थांबा! काकू जित्त्या हायेत!" गाडीतून उतरलेला नवरदेव तिला पाहून इतका हसला, की पसंती तिथंच पक्की झाली. साखरपुडा गूळपोह्यांवर उरकला.

पाहुणे गेल्यावर काकू म्हणाल्या, "आन गं ते पुस्तक. मी मेले कशी, वाच जरा."

मी पान उलटलं. पहिल्याच ओळीत सगुणा डोळे चोळत उठून बसली होती.

"म्हंजे मेली न्हाई?"

"न्हाई, काकू. नुसती घेरी आल्ती."

आजही मी कोणी गेल्याची बातमी आणली, की घरातलं कोणी रडत नाही. आधी मलाच विचारतात, "पान उलटून पाह्यलं का?"