मोरपंखी म्हणजे नक्की कुठला?

गेल्या मंगळवारी शहापूरच्या आमच्या ऑफिसात माझा चांगलाच गोंधळ उडाला. अजून पूर्ण सुटलाय असं नाही... म्हणून लिहून काढते.

आमचा विणकर घरांतल्या बायकांचा संघ आहे आणि मी त्याची सेक्रेटरी. शहापूर-वडगावच्या सभासद साड्या विणतात, निपाणी शाखेतल्या त्याच साड्यांना फॉल आणि गोंडे करून विकतात. लोगो सगळ्यांचा एकच... धोटा. मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो, तो.

एकच म्हणायचा, इतकंच. बॅनरवर तो होडीसारखा फुगलेला, लेटरहेडवर पडवळासारखा ताणलेला, आणि एकीच्या डीपीत त्याच्यावर गुलाबाचं फूल. कॉलेज सोडून मला चाळीस वर्षं होत आली, पण असला ढिसाळपणा अजून बघवत नाही.

म्हणून गेल्या वर्षी मी नियमच लिहून काढला. आकार हा, अक्षरं ही, रंग मोरपंखी. साडीवरचा टॅग असा नसेल तर ती साडी संघाच्या प्रदर्शनात लागणार नाही. सगळ्यांनी सह्या केल्या... मालनआक्कांनीसुद्धा. त्या निपाणी शाखेच्या अध्यक्ष.

प्रदर्शन त्याच आठवड्यात, रविवारी व्हायचं होतं. त्याआधीच्या सोमवारी ग्रुपवर निपाणीच्या टॅगचा फोटो आला. आकार बरोबर, अक्षरं बरोबर, रंग हिरवा... आणि आमचे सगळे टॅग निळे. मी लगेच लिहिलं, टॅग उसवा, नवीन लावा, नाहीतर स्टॉल मिळणार नाही. निपाणीच्या बायकांची वर्षातली मोठी विक्री याच एका दिवशी होते, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.

मंगळवारी सकाळी मालनआक्का पहिल्या बसनं ऑफिसात हजर... हातात साड्यांची पिशवी.

"बाई, नियम तुमचाच न्हवं? मोरपंखी. मग ह्यो काय हाय?"

मी म्हटलं, आक्का, हा हिरवा आहे. मोरपंखी म्हणजे निळा.

"निळा मोर असतोय. पिसारा हिरवाच असतोय. तुमी मोर छापलाय, आमी पंख छापलाय."

बोलणं बरोबर वाटत होतं... पण बरोबर असून कसं चालेल. मग मी कपाट उघडून पुरावाच काढला. संघ सुरू झाला तेव्हाच्या प्रोसिडिंग बुकात लोगोच्या रंगाचा नमुना म्हणून साडीचा एक तुकडा टाचलेला आहे. तो सोडवून टेबलावर ठेवला. मी टेबलाच्या टोकाला बसलेली, मालनआक्का खिडकीच्या बाजूला.

"बघा. निळा."

"बघते की. हिरवा हाय."

मी विचारलं, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का?

"झालंय. तुमचं ऱ्हायलंय वाटतं."

मी मोबाइलवर फोटो काढला, तर त्यात तिसराच रंग... मातकट करडा. प्रिंटरला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, रंगाचा नंबर सांगा, नावावरून मला काय कळणार. आता साडीला कधी नंबर असतो का... मी फोन ठेवला. एव्हाना आपल्याला निळा दिसतोय, याचीसुद्धा मला खात्री वाटेनाशी झाली.

तेवढ्यात वडगावच्या रुक्माक्का आपलं सभासद कार्ड न्यायला आल्या. आमच्या सगळ्यांत जुन्या विणकर. त्यांची नजर टेबलावर गेली.

"ह्यो माज्या मागावरचा तुकडा. हितं एक दोरा तुटलाता, दिसतोय का अजून..."

तुटका दोरा शोधायला त्यांनी तुकडा उचलला आणि टेबलावर नुसता आडवा केला. माझ्यासमोर निळ्याचा हिरवा झाला.

"आत्ता गं. निळा झाला की," मालनआक्का म्हणाल्या.

रुक्माक्कांनी तुकड्यावर बोट ठेवलं. "ताणा निळा, बाणा हिरवा. उभा दोरा येक रंगाचा, आडवा दुसऱ्या, मग जिकडनं बघाल तसा दिसतोय. तवा मागावर हीच साडी हुती, तीच कापून दिली. मोरपंखी असाच इनत्यात. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. विणकरांच्या घरात सून म्हणून आले, पण नोकरी केली, मागावर कधी बसले नाही. असल्या धूपछाव साड्या नेसलेय मी... पण नियम लिहिताना ‘मोरपंखी’ म्हणून डोळ्यापुढे एकच रंग होता, आणि सगळ्यांच्या डोळ्यापुढे तोच असणार असं मी धरून चालले.

मी तिथेच ग्रुपवर लिहिलं, निपाणीचे टॅग बरोबर आहेत, चूक माझी. मालनआक्का चहा घेऊन दुपारच्या बसनं परत गेल्या.

रविवारी निळे आणि हिरवे टॅग शेजारी शेजारी लागले. एका गिऱ्हाइकानं विचारलंच, तुमचे दोन संघ आहेत का? पुढच्या वर्षी काय छापायचं ते अजून कळत नाही. दोन रंगांचा एक रंग कागदावर कसा उतरवतात, कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

पण एक मात्र राहून राहून मनात येतं. माझा मेसेज वाचून निपाणीच्या बायकांनी मुकाट्यानं टॅग उसवले असते, तर सगळं अगदी एकसारखं दिसलं असतं... आणि मला कधीच काही कळलं नसतं. मालनआक्का, सकाळची पहिली बस धरून माझ्याशी भांडायला आलात, त्याबद्दल मनापासून आभार.